दम पुढे गेलाय, हाडाला मागून येऊ दे

प्रिय पिल्लू,

फोनवर हे सगळं बोलायला गेले की तू "हो आई, माहितीये आई" करत मला वाटेला लावतेस, आणि तुझंही बरोबर आहे, दिवसभर ऑफिस, मग ट्रेनिंग, वर आता हा पाय, डाव्या नडगीचं स्ट्रेस फ्रॅक्चर (पुन्हा पुन्हा भार पडून हाडाला गेलेली बारीक चीर), तू तरी किती ऐकणार, म्हणून शेवटी लिहायलाच बसले. सावकाश वाच. एका बैठकीत नाही झालं तरी चालेल पण पूर्ण वाच.

आधीच सांगून टाकते, मी तुला ट्रायथलॉन सोड म्हणणार नाहीये. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२.२ किलोमीटर पळणं हे तुला एका दिवसात करायचंय आणि तू ते करावंस असं मलाही अगदी मनापासून वाटतं. कोण काय बोलतं ते मी बघून घेईन, त्याची काळजी तू करू नकोस. मला बोलायचंय ते दुखण्याबद्दल. म्हणजे दुखतंय ते तू कसं सांगतेस त्याबद्दल.

मागच्या वेळी मी तुझ्याकडे आले होते तेव्हा तू जिना उतरताना डावं पाऊल आडवं टाकत होतीस. कठड्याला हात लांबून बघितला तर नुसता टेकवलेला वाटावा, पण बोटांची पेरं पांढरी झाली होती, आणि शेवटच्या दोन पायऱ्या तर तू उजव्या पायावरच उतरलीस. मग आपण फिजिओकडे गेलो, तिने विचारलं शून्य ते दहामध्ये किती दुखतंय आणि तू म्हणालीस दोन. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. काही बोलले नाही, कारण तू आता मोठी आहेस, तुझ्या पायाबद्दल तुझ्याआधी मी बोलणं बरं दिसलं नसतं. पण ते दोन नव्हतं गं.

आणि त्या दोनवर तिने पुढच्या आठवड्याचं पळणं ठरवलं. तेच मला सलतंय. ती पाय बघणार, नडगीवर अंगठ्याने दाबून बघणार, एका पायावर उड्या मारायला लावणार, पण आत किती ठणकतंय ते सांगायला तुझ्या तोंडाशिवाय दुसरं साधन तिच्याकडे नाही. तिचा सगळा हिशोब तू सांगितलेल्या आकड्यावर उभा असतो.

तू मुद्दाम खोटं बोललीस असं मी म्हणत नाहीये, तुला खरंच दोन वाटलं असेल. शाळेपासून पहाटे उठून पूलमध्ये उतरायचीस, खांदे भरून आले तरी कोचने विचारलं की "काही नाही सर", आणि त्या "काही नाही"चं सगळ्यांनी कौतुकच केलं, मेडलंही आली. पोहण्यात ते निभावलं कारण स्नायू दुखला तर दोन दिवसांत निवळतो. हाडाचं तसं नाही.

मी या काळात खूप वाचलंय, तुझ्या डॉक्टरांनाही विचारून विचारून भंडावलंय, आणि मला जे कळलं ते असं की तुझ्या बाबतीत पाय कमजोर आहे वगैरे काही नाही. तू पाण्यातून आलेली मुलगी आहेस एवढंच झालंय. पळायला लागलीस तेव्हा हृदय, फुप्फुसं आधीच तयार होती, त्यामुळे बाकीच्यांना जिथे धाप लागते तिथे तू गप्पा मारत पळत होतीस आणि काही महिन्यांतच लाँग रन लांबवायला लागलीस, सगळे वा वा करत होते, मीही करत होते. पण पाण्यात शरीराचं वजन पाणी उचलतं, सायकलवर सीट उचलते, हाड घट्ट व्हायला जो दणका लागतो तो या दोन्हीत मिळतच नाही. नुसतं पोहणाऱ्यांची किंवा नुसती सायकल चालवणाऱ्यांची हाडं पळणाऱ्यांपेक्षा आणि उड्यांचे खेळ खेळणाऱ्यांपेक्षा कमी घट्ट भरतात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. आणि पळताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून अंगावर वजनाच्या दोन ते तीन पट जोर येतो, किलोमीटरला अशी हजाराच्या आसपास पावलं पडतात. म्हणजे दम होता मॅरेथॉनचा आणि नडगी होती पोहणाऱ्या मुलीची.

शरीरात सगळं एकाच वेगाने तयार होत नाही. हृदय आणि दम काही आठवड्यांत सुधारतो, स्नायू त्याच्या मागोमाग, टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाशी बांधणाऱ्या दोरीला, महिने लागतात आणि हाड सगळ्यात शेवटी येतं. त्यात हाडाची एक वेगळीच तऱ्हा आहे. नवा भार पडला की शरीर आधी तिथलं थकलेलं, बारीक चिरा पडलेलं हाड खाऊन काढतं, याला दोन-तीन आठवडे जातात, आणि मग तिथे नवं हाड भरतं, त्याला तीनेक महिने. म्हणजे मधे एक काळ असा येतो की हाड आधीपेक्षाही कच्चं असतं. रस्ता दुरुस्तीला घेतला की आधी खणतात ना, आणि खड्डा भरायच्या आत त्यावरून ट्रक सोडले तर काय होईल, तसं. आणि नेमकं त्याच आठवड्यांत तुला सगळ्यात भारी वाटत होतं, पेस सुधारला होता, झोप छान लागत होती, मला फोनवर म्हणालीस की आई मी आयुष्यात इतकी फिट कधीच नव्हते. ते खरंच होतं. फक्त ते नडगीला लागू नव्हतं.

सुरुवातीला शिन स्प्लिंट म्हणून बर्फ लावायला सांगून तुला परत पाठवलं, एक्स-रेही स्वच्छ आला, त्याचा राग मला अजून आहे. पण त्यातून एक गोष्ट लक्षात ठेव, पुढे कधीतरी उपयोगी पडेल. स्ट्रेस फ्रॅक्चर पहिले काही आठवडे एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसतं. शिन स्प्लिंटचं दुखणं नडगीच्या आतल्या कडेने लांब पट्ट्यात असतं आणि वॉर्मअप झाल्यावर बऱ्याचदा कमी होतं. फ्रॅक्चरचं दुखणं एका बोटाने दाखवता येतं आणि पळत राहिलं की वाढतच जातं, पुढे पुढे रात्री झोपेतही ठणकतं. तू मला पहिल्याच दिवशी एका बोटाने जागा दाखवली होतीस. तुझं शरीर बरोबर सांगत होतं, तूही बरोबर सांगत होतीस, मग मधेच कुठेतरी "काही नाही" सुरू झालं.

आता तुझी दुसरी भीती, की सगळी मेहनत वाया चालली. नाही चालली. ट्रेनिंग थांबलं की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत व्हीओटूमॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा) थोडा उतरतो हे खरं आहे, पण सुरुवातीचं ते उतरणं बरंचसं रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पातळ भाग, कमी झाल्यामुळे असतं आणि तो परत भरायला वेळ लागत नाही. शिवाय तू तर पूर्ण थांबलेलीच नाहीस. पोहतेयस, डॉक्टरांनी परवानगी दिलीये तेवढी घरात टर्बो ट्रेनरवर (त्या स्टँडवर) जागच्या जागी सायकल चालवतेयस, बाबांनी त्या ट्रेनरसमोर पंखा लावून दिलाय तो तरी वसूल होतोय. पळणं थांबलंय, ट्रेनिंग चालू आहे, हे तुझ्या त्या भिंतीवरच्या चार्टवर कुठेच दिसत नाही आणि म्हणून मला तो चार्ट आवडत नाही. त्यात चुकलेल्या रनचे लाल चौकोन तेवढे दिसतात. पाण्यातल्या पळण्याला एक नवीन रंग दे आणि तोही भर.

ते पाण्यातलं पळणं मी बघितलं ना त्या दिवशी. कमरेला बेल्ट, पाय तळाला लागत नाहीत, शेजारच्या लेनमधून शाळेतली पोरं सपासप पुढे जातायत आणि तू मधोमध उभीच्या उभी, जागच्या जागी कोपरं मागे खेचत पळतेयस, चेहरा लालबुंद, एका मिनिटाला दोन-तीन हात पुढे सरकत असशील. तुला लाज वाटत होती हे मला काठावरून कळत होतं. तुझ्याएवढं पोहता येणाऱ्या माणसाला पाण्यात असं हळू सरकायला लागणं किती जड जात असेल. पण बाळा, माझ्या डोळ्यांपुढे तुझ्या सगळ्या मेडलांपेक्षा ते जास्त राहिलंय. आणि हो, पाण्यात हार्ट रेट जमिनीपेक्षा जरा खालीच राहतो, तेव्हा घड्याळात आकडा कमी दिसला म्हणून मेहनत कमी पडली असं धरू नको, श्वास किती लागतोय त्यावरून ठरव. आणि टर्न मारताना भिंतीला जोरात लाथ मारून निघतेस ती सध्या बंद ठेव, मी बघितलंय तू विसरतेस. हात लावून वळ आणि हलकं ढकल. पुल बॉय, तो तरंगणारा फोमचा तुकडा, पायात धरून हाताचे सेट कर, पोहणं त्याने सुटत नाही.

आता जरा नाजूक बोलते, पण आई आहे, मी नाही बोलणार तर कोण. तुझी पाळी नियमित येतेय का? मागे एकदा तू सहज म्हणालीस की दोन-तीन महिने आलीच नाही, बरंय, ट्रेनिंगला सोयीचं पडतं. ते सोयीचं नाहीये. इतके तास घाम गाळायचा आणि त्या मानाने खायचं कमी, असं चालू राहिलं की शरीर काटकसर सुरू करतं आणि पहिली कात्री पाळीला लागते, इस्ट्रोजेन खाली येतं आणि त्याबरोबर हाडाचं भरणंही. याला रेड-एस म्हणतात, इंटरनॅशनल ऑलिंपिक कमिटीने २०१४ मध्ये हे नाव दिलं, मुलग्यांनाही होतं, फक्त त्यांच्यात पाळीसारखी उघड खूण नसते म्हणून उशिरा कळतं. यात वजन उतरलेलं दिसेलच असं नाही, वजन तेवढंच राहूनही होतं. म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांना हे आधी सांग, व्हिटॅमिन डी आणि फेरिटिनची (अंगातल्या लोहाच्या साठ्याची) टेस्ट करून घे, आणि जेवण कमी करून हलकं व्हायचं जे काही ग्रुपमध्ये चालतं त्यातून तू पूर्ण बाहेर राहा. मोडलेलं हाड भरायलाही खाणं लागतं. पळत नाहीये म्हणून खाणं निम्मं केलंस हे मला बिलकुल पटलेलं नाही, यावर मी वादही घालणार नाही, तू फक्त खा.

उजव्या पायाचं अकिलीस, टाचेमागचं टेंडन, आता कुरकुरतंय म्हणालीस. डावा सांभाळताना उजव्यावर भार जातो, डॉक्टरही तेच म्हणाले, त्यात तुझं नशीब फुटकं वगैरे काही नाही. पण इथे मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते, टेंडनचं दुखणं आणि हाडाचं दुखणं याचे नियम वेगळे आहेत. स्वीडनमधले हाकान आल्फ्रेडसन नावाचे ऑर्थोपेडिक डॉक्टर, त्यांचंच अकिलीस दुखत होतं, ते स्वतः पळायचे. त्यांना ऑपरेशन हवं होतं आणि वरिष्ठांनी नाही म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी ठरवलं की व्यायाम करून करून हे टेंडन इतकं बिघडवायचं की ऑपरेशन करावंच लागेल. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच खाली सोडायचा व्यायाम दुखत असतानाही करत राहिले आणि झालं उलटंच, दुखणं गेलं. १९९८ मध्ये त्यांनी तो रीतसर तपासून छापला, गुडघा सरळ ठेवून पंधराचे तीन सेट, गुडघा वाकवून पंधराचे तीन, दिवसातून दोनदा, म्हणजे रोज १८०, असं १२ आठवडे. आज जगभर फिजिओ याच धर्तीवर अकिलीसचे व्यायाम देतात, तुझीही तेच देतेय.

म्हणजे बघ, टेंडनला व्यायाम करताना थोडं दुखलं तर फिजिओ चालू दे म्हणते, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते निवळलं की झालं. आणि नडगीला पळताना एवढंसं दुखलं तरी थांबायचं, तिथे तडजोड नाही. उजव्या टाचेचं दोन आणि डाव्या नडगीचं दोन, आकडा एकच पण एकाला हो आणि एकाला नाही. म्हणून तू नुसतं "पाय जरा दुखतोय, दोन" म्हणालीस की ती बिचारी काय समजणार. कुठे, कधी सुरू झालं, पळताना वाढलं की कमी झालं, रात्री होतं का, सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना कसं होतं, हे सगळं सांग. तिथे जाऊन आठवत बसण्यापेक्षा रोज झोपायच्या आधी दोन ओळी फोनमध्ये लिहून ठेव आणि ते तसंच तिला वाचायला दे.

गोळ्यांबद्दल. रनच्या आधी आयबुप्रोफेन घेतेस हे मला तुझ्या मैत्रिणीकडून कळलं, तिला रागावू नको, तिला काळजी वाटली म्हणून बोलली. दुखणं झाकायला गोळी घेऊन पळायचं म्हणजे हाड जे सांगतंय तेच बंद करून टाकायचं. आणि रेसच्या दिवशी तर अजिबात नको, इतके तास घाम जातो तेव्हा या गोळ्यांचा किडनीवर ताण येतो, रक्तातलं सोडियम खाली जाण्याशीही त्यांचा संबंध दिसलेला आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नाही.

तुला ल्यूसी चार्ल्स-बार्कली आवडते ना. तीही तुझ्यासारखीच पाण्यातून आलेली, आधी लांब पल्ल्याचं पोहायची, मग ट्रायथलॉनकडे वळली. हवाईतल्या कोनाला होणाऱ्या आयर्नमॅनच्या, म्हणजे तुझ्याच अंतरांच्या रेसच्या, वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये २०१७, २०१८, २०१९ तिन्ही वर्षं दुसरी. २०२२ ला खुब्यात स्ट्रेस फ्रॅक्चर झालं, काही महिने पळणं बंद, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये कोनाला येऊन परत दुसरी. २०२३ ला जिंकली ती पहिल्या स्ट्रोकपासून शेवटपर्यंत पुढे राहून, ८ तास २४ मिनिटं, कोर्स रेकॉर्ड. यान फ्रोडेनोचं तर अजून वेगळं, आधीची दोन वर्षं जिंकलेला माणूस २०१७ ला पाठ धरली म्हणून मॅरेथॉनमध्ये चालत चालत फिनिशला आला, २०१८ ला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणून कोनाला उतरलाच नाही आणि २०१९ ला ७ तास ५१ मिनिटांत जिंकला. आणि क्रिसी वेलिंग्टन, लागोपाठ तीनदा जिंकलेली, २०१० ला रेसच्या सकाळी तब्येत बरी नाही म्हणून स्टार्टलाच गेली नाही. सगळं जग बघत असताना नाही म्हणाली. २०११ ला, रेसच्या दोन आठवडे आधी सायकलवरून पडून अंग सोललेलं असताना परत आली आणि जिंकली.

हे सगळे प्रोफेशनल, त्यांच्याकडे माणसं असतात, वेळ असतो, ते मला कळतं. पण डीएनएस (डिड नॉट स्टार्ट, नाव देऊनही स्टार्टला न जाणं) हा शब्द तू असा उच्चारतेस की जणू कायमचा डाग. त्यांच्या नावापुढे तो लागलाय आणि आज कोणाला आठवतही नाही. १९७८ मध्ये हवाईत पहिल्यांदा ही रेस झाली तेव्हासुद्धा पंधरा जण उतरले आणि बारा जणांनी पूर्ण केली. या खेळात न संपणं पहिल्या दिवसापासून आहे.

आता तुझ्या रेसचं. तू म्हणतेस पळायची तयारी होणार नाही मग उतरून काय उपयोग. मी आणि बाबांनी कागद घेऊन हिशोब मांडला. तुझ्या रेसचा कटऑफ, म्हणजे संपवायची मुदत, १७ तास आहे (सगळीकडे तेवढाच नसतो, काही ठिकाणी कमी असतो, तुझ्या नियमावलीत बघितलं मी). तुझं पोहणं सव्वा तास धरलं, सायकल सात तास धरली, तू याहून लवकर येशील पण धरली, दोन्ही ट्रान्झिशनला, म्हणजे पाण्यातून सायकलवर आणि सायकलवरून पळायला जातानाच्या तयारीला, मिळून वीस मिनिटं. झाले ८ तास ३५ मिनिटं. उरतात ८ तास २५ मिनिटं. ४२.२ किलोमीटरला भागलं की किलोमीटरला जवळजवळ १२ मिनिटं येतात, म्हणजे ताशी पाच किलोमीटर. चालणं गं ते. पूर्ण मॅरेथॉन चालूनसुद्धा तू वेळेत येतेस. त्यामुळे चार मिनिटं पळ, एक मिनिट चाल असं काही फिजिओने परवानगी दिली तर कटऑफची भीती तुला असायचं कारणच नाही, बाकीच्यांना जी भीती पहाटेच्या पाण्याची असते ती तुला नाही, तिथे तू कमावलेला वेळ पायांसाठी वापरता येतो. पण ४२ किलोमीटर चालणं हाही हाडावर भारच आहे, सायकलवर १८० बसून उठल्यावरचा. म्हणून हा हिशोब तू "उतरायचंच" ठरवण्यासाठी वापरू नकोस. हाड भरलंय, डॉक्टरांनी हो म्हटलंय, फक्त लांब रन कमी पडलेत, अशी वेळ आली तर मग हा कागद काढ.

आणि परतीचं पळणं फिजिओने लिहून दिलंय तसंच, आधी रोजचं चालणं, जिना, सगळं बिनदुखता, मग एक मिनिट पळणं एक मिनिट चालणं, दिवसाआड, आणि तेही सपाटीवर. आठवड्याला दहा टक्के वाढवायचं असं सगळे सांगतात, पण त्यालाही काही पक्का पुरावा नाही, कोणाला दहा जास्त होतात कोणाला कमी, तेव्हा आकड्याच्या मागे लागू नको. पावलं जरा छोटी आणि जलद टाक, कॅडन्स (मिनिटाला पडणारी पावलं) थोडा वाढवला की गुडघ्यावर आणि खुब्यावर येणारा भार कमी होतो, हे तिनेही सांगितलंय. आणि ज्या दिवशी दम भरपूर आहे, हवा छान आहे, पाय अजून दहा मिनिटं चल म्हणतायत त्या दिवशी घड्याळ वाजलं की थांब. त्या दिवशी थांबणं तुला सगळ्यात कठीण जाणार आहे, मला माहितीये, तुझा स्वभाव लहानपणापासून बघतेय.

स्ट्राव्हा, सगळे आपापलं ट्रेनिंग टाकतात ते ॲप, काही दिवस बंद ठेवशील का? दुसऱ्यांच्या लाँग रनचे फोटो बघून रात्री साडेअकराला मला मेसेज करतेस की सगळे पुढे गेले. त्यांचं हाड कुठे आहे ते त्यात दिसत नाही. ग्रुपमध्ये जा, कॉफीला जा, त्यांच्या सायकल राइडला गाडी घेऊन पाणी द्यायला जा, पण ते रात्रीचं बघत बसणं नको. आणि रडू आलं तर रड, मला फोन लाव, मी काही सल्ला देणार नाही, नुसती ऐकेन. इतके महिने एका गोष्टीसाठी जगायचं आणि ती अशी हातातून निसटताना बघायची, याचं दुःख मोठंच असतं, त्याला कोणी "रेसच आहे ना" म्हटलं की मलाच चीड येते.

माझी भीती पाण्याची नाही, पळण्याचीही नाही, सायकलची आहे. तू रस्त्यावर लांब राइडला गेलीस की घरी परत आल्याचा मेसेज येईपर्यंत माझं कशात लक्ष लागत नाही. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं, सांगून तुला अडकवायचं नव्हतं. पण पुन्हा रस्त्यावर जायला लागशील तेव्हा लोकेशन शेअर करून जा आणि मागचा लाइट दिवसाही चालू ठेव, एवढं माझ्यासाठी.

गुरुवारी फिजिओकडे जायच्या आधी फोनमधल्या नोंदी एकदा वाचून घे. रेसवाल्यांची ईमेल शोध, डेफरलची (नाव पुढच्या रेसवर ढकलायची) शेवटची तारीख त्यात लिहिलेली असेल, ती बाबांना पाठव, ते कॅलेंडरमध्ये टाकून ठेवतायत म्हणजे निर्णय घाईत घ्यायला लागणार नाही. पुढचा एमआरआय त्या तारखेच्या आधी करून घेता येतो का हे डॉक्टरांना विचार, रिपोर्ट हातात असला तर बरं. ब्लड टेस्ट उपाशीपोटी करायची का तेही विचारून घे. मी शनिवारी येतेय, येताना तुझा जुना पुल बॉय घेऊन येते, नवीन तुला टोचतो म्हणालीस ना.

तुझी,
आई